व्यक्तिनिहाय टीएमएस: लक्ष्यबिंदू अचूक निघतो, मग कॉइल भलतीकडे का बसते?

टीएमएस म्हणजे डोक्यावर ठेवलेल्या कॉइलच्या चुंबकीय पल्सने मेंदूचा ठरावीक भाग उद्दीपित करणं. व्यक्तिनिहाय टीएमएसमध्ये उद्दीपनाची जागा, कॉइलची दिशा आणि तीव्रता या तीन गोष्टी त्या त्या रुग्णाच्या मेंदूनुसार ठरतात. हे काम करणाऱ्यांच्या चुका बहुतेक वेळा एकाच वळणाच्या असतात. सगळी मेहनत एमआरआयवर लक्ष्यबिंदू शोधण्यात जाते आणि तो बिंदू प्रत्यक्ष डोक्यावर उतरवताना हयगय होते. संगणकावर दोन मिलिमीटरच्या फरकावरून वाद चालू असतो, तेव्हा रुग्णाच्या कपाळावरचा ट्रॅकर (कॅमेऱ्याला डोक्याची जागा दाखवणारी खूण) सेंटीमीटरभर सरकलेला असतो.

हा लेख टीएमएस देणारे तंत्रज्ञ, मनोविकारतज्ज्ञ, चेतातज्ज्ञ आणि संशोधक विद्यार्थी यांच्यासाठी आहे. उदाहरणं नैराश्यावरच्या उपचाराची, म्हणजे डाव्या डीएलपीएफसीच्या (मेंदूच्या पुढच्या भागातल्या वरच्या-बाहेरच्या पट्ट्याच्या) उद्दीपनाची घेतली आहेत. पायऱ्यांचा क्रम इतर ठिकाणीही हाच राहतो. कोणाला उपचार द्यायचे आणि कोणता प्रोटोकॉल वापरायचा, हा निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांचाच.

## सुरुवातीला: चुकांचा हिशेब मांडा

एकमेकींवर अवलंबून नसलेल्या चुकांची सरळ बेरीज होत नाही. प्रत्येकीचा वर्ग करायचा, बेरीज करायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं. समजा लक्ष्यबिंदू ठरवण्यात ५ मिमी, रजिस्ट्रेशनमध्ये (रुग्णाचं डोकं आणि एमआरआयचं चित्र यांची सांगड घालण्यात) १० मिमी आणि कॉइल धरण्यात ३ मिमी चूक होते. एकूण चूक साधारण ११.६ मिमी. आता महागडं विश्लेषण करून लक्ष्यबिंदूची चूक ५ वरून २ मिमीवर आणली, तर एकूण चूक १०.६ मिमी होते. म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर वाचला. त्याऐवजी रजिस्ट्रेशन नीट करून तिथली चूक १० वरून ४ वर आणली, तर एकूण चूक ७ मिमीच्या आसपास येते. या दुसऱ्या सुधारणेला पैसे लागत नाहीत, दहा-पंधरा मिनिटं आणि शिस्त लागते.

दुसरा आकडा कॉइलचा. आठच्या आकाराच्या चांगल्या कॉइलचं विद्युतक्षेत्र कमाल तीव्रतेच्या निम्म्यापर्यंत उतरतं, तेव्हा त्याने मेंदूच्या पृष्ठभागाचा किमान ५ चौरस सेंटीमीटर भाग व्यापलेला असतो. वर्तुळ धरलं तर त्रिज्या साधारण १२-१३ मिमी. त्यामुळे एका मिलिमीटरसाठी जीव टाकण्यात अर्थ नाही, पण १५ मिमीची चूक लक्ष्यबिंदूला या प्रभावी वर्तुळाबाहेर टाकते. अचूकतेची लढाई या दोन टोकांच्या मधली आहे.

तपासणी: तुमच्या केंद्रात या तीन चुका प्रत्येकी किती मिलिमीटरच्या आहेत, हे मोजून माहीत आहे का? नसेल तर पुढचे टप्पे त्या मोजण्याच्या दृष्टीने वाचा.

## टप्पा १: रुग्णाची तपासणी आणि नोंदी

1. डोक्यात किंवा डोक्याजवळ धातू आहे का, ते स्वतः विचारा: कॉक्लिअर इम्प्लांट, रक्तवाहिनीवरची क्लिप, मेंदूतले इलेक्ट्रोड, गोळीचा किंवा छर्‍याचा तुकडा. पेसमेकर आणि शरीरात बसवलेली इतर यंत्रंही विचारा.
2. पूर्वी फिट आली होती का, डोक्याला मोठा मार लागला होता का, दारूचं प्रमाण किती, अलीकडे झोप कशी आहे, हे लिहून घ्या.
3. सगळ्या औषधांची मात्रा आणि घेण्याची वेळ लिहा.

औषधांची यादी फक्त सुरक्षिततेसाठी नसते. ब्युप्रोपिऑन आणि क्लोझापिनसारखी औषधं फिटचा धोका वाढवू शकतात, हे बहुतेकांना माहीत असतं. पण कार्बामाझेपिन, फेनिटोइन, लॅमोट्रिजिन ही औषधं मोटर थ्रेशोल्ड (हाताच्या स्नायूचा प्रतिसाद मिळवायला लागणारी किमान तीव्रता) वाढवतात. उपचार मध्यावर असताना यांपैकी एखादं सुरू किंवा बंद झालं, तर पहिल्या दिवशी मोजलेला थ्रेशोल्ड रद्द समजायचा.

सावधान: रात्रभर जागलेल्या किंवा दारू अचानक बंद केलेल्या रुग्णाला त्या दिवशी सत्र देण्याआधी डॉक्टरांना विचारा. वेळापत्रक पाळायचं म्हणून पुढे जाऊ नका.

## टप्पा २: एमआरआय कसा घ्यायचा

रेडिओलॉजी विभागाला फक्त 'मेंदूचा एमआरआय' असं लिहून पाठवलं, की निदानासाठीचा स्कॅन मिळतो: जाड काप आणि कान-नाक कापलेलं चित्र. नेव्हिगेशनला, म्हणजे कॅमेऱ्याच्या मदतीने कॉइल चित्रातल्या बिंदूवर नेण्याला, तो उपयोगी पडत नाही. मागणी स्पष्ट लिहा.

1. त्रिमितीय टी-१ स्कॅन, तिन्ही दिशांना १ मिमी. डोक्याचा वरचा भाग, दोन्ही कान आणि नाकाचं टोक चित्रात पूर्ण आलंच पाहिजे.
2. विद्युतक्षेत्राचं मॉडेल करायचं असेल तर त्याच बैठकीत टी-२ स्कॅनही घ्या. कवटी आणि मेंदूभोवतीचा द्रव यांची सीमा त्यात जास्त स्पष्ट दिसते.
3. हेडफोन आणि बाजूच्या गाद्या कानांवर दाबून बसवू नका, कानात घालायचे प्लग वापरा. कान दाबले गेले की चित्रातला कानाचा बिंदू आणि प्रत्यक्षातला कानाचा बिंदू यांत काही मिलिमीटरचा फरक पडतो आणि रजिस्ट्रेशन तिथेच बिघडतं.
4. उजव्या कानशिलावर जीवनसत्त्व ई ची कॅप्सूल चिकटवा. टी-१ चित्रात ती उजळ दिसते. तिचा उपयोग पुढच्या टप्प्यात कळेल.
5. स्कॅनरची भूमितीय विकृती सुधारण्याची सोय चालू आहे का, ते विचारून घ्या.

व्यक्तिनिहाय जोडणीवरून (मेंदूच्या कोणत्या भागांची लय एकमेकांशी जुळते यावरून) लक्ष्यबिंदू काढायचा असेल तर विश्रांती अवस्थेतला एफएमआरआयही (मेंदूचं काम टिपणारा स्कॅन) लागतो, आणि इथे सर्रास कंजुषी होते. पाच-सहा मिनिटांचा स्कॅन गटाच्या सरासरीसाठी चालून जातो, एका माणसाच्या नकाशासाठी नाही. किमान वीस मिनिटं, जमल्यास तीस मिनिटं घ्या आणि ती दोन वेगळ्या भागांत घ्या. डोळे उघडे, नजर एका खुणेवर, आणि रुग्ण जागा. प्रत्येक भागानंतर रुग्णाशी बोला. झोप लागली होती का, हा प्रश्न विचारायला दहा सेकंद लागतात आणि त्याच्या उत्तरावर सगळा नकाशा अवलंबून असतो.

सावधान: गोपनीयतेसाठी चेहरा पुसून टाकलेली फाइल नेव्हिगेशनला देऊ नका. नाक-कानच नसतील तर रजिस्ट्रेशन कशावर करणार? मूळ फाइल सुरक्षित ठेवून तीच वापरा.

## टप्पा ३: लक्ष्यबिंदू ठरवणं

जुना पाच सेंटीमीटरचा नियम, म्हणजे हाताच्या मोटर हॉटस्पॉटपासून (जिथल्या पल्सने हाताचा स्नायू सर्वात जास्त प्रतिसाद देतो त्या जागेपासून) पाच सेंटीमीटर पुढे, आता सोडून द्यावा. २००१ मध्ये २२ जणांवर झालेल्या पडताळणीत या नियमाने फक्त ७ जणांत अपेक्षित जागा गाठली. बाकीच्यांत कॉइल बरीच मागे राहिली होती. डोक्याचा आकार माणसागणिक बदलतो, पाच सेंटीमीटर बदलत नाहीत.

त्यापुढचे तीन मार्ग आहेत.

डोक्याच्या मापांवरून. एफ-३ (डोक्यावरच्या इलेक्ट्रोडच्या प्रमाण मांडणीतला डावीकडचा पुढचा) बिंदू काढण्याची बीम पद्धत २००९ पासून वापरात आहे. एमआरआय लागत नाही. तिच्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

गटाच्या सरासरीवरून. एमएनआय अवकाशात (सरासरी मेंदूच्या प्रमाण नकाशात) ठरलेला एक बिंदू रुग्णाच्या मेंदूवर उतरवायचा. डाव्या डीएलपीएफसीसाठी उणे ३८, ४४, २६ हा बिंदू बराच वापरला जातो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या थ्री-डी या नैराश्यावरच्या टीएमएस चाचणीतही तोच होता.

व्यक्तीच्या स्वतःच्या जोडणीवरून. सबजेन्युअल सिंग्युलेटशी (मेंदूच्या मध्यभागी खोल असलेल्या, मनःस्थितीशी निगडित भागाशी) सर्वात जास्त उलटा सहसंबंध दाखवणारा डीएलपीएफसीचा भाग शोधायचा. २०१२ पासून या कल्पनेवर भरपूर काम झालं आहे.

तिसरा मार्ग सर्वात आकर्षक वाटतो. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्राइटमाइंड चाचणीत २५५ रुग्णांत जोडणीवरून लक्ष्य ठरवलेलं थीटा बर्स्ट (पल्सचे वेगवान झुबके देणारं टीएमएस) आणि एमआरआयच्या आधारे नेहमीच्या जागी दिलेलं आरटीएमएस (पुन्हापुन्हा पल्स देणारं नेहमीचं टीएमएस) यांची तुलना झाली, आणि परिणामात फरक आढळला नाही. दोन्ही गटांत नेव्हिगेशन काटेकोर होतं, हे लक्षात घ्या. सेंट या पाच दिवसांच्या वेगवान प्रोटोकॉलचे निकाल उत्साहवर्धक आहेत, पण त्यात लक्ष्यबिंदू, पल्सची संख्या आणि रोजची सत्रं हे सगळं एकदम बदललेलं असल्याने श्रेय कोणाचं हे वेगळं काढता येत नाही. माझं मत असं, की चांगला स्कॅन आणि तो तपासण्याची तयारी असेल तरच तिसऱ्या मार्गाने जावं. नसेल तर दुसरा मार्ग नीट पार पाडावा.

तिसऱ्या मार्गाने जाणार असाल तर हा क्रम ठेवा:

1. डोकं हललेल्या चौकटी काढून टाका. काढल्यावर उरलेली मिनिटं मोजा. मूळ स्कॅन किती मिनिटांचा होता याला महत्त्व नाही.
2. सबजेन्युअल भागात सिग्नल शिल्लक आहे का, हे मूळ एफएमआरआय चित्रात डोळ्यांनी पाहा. हवेच्या पोकळ्यांजवळ असल्यामुळे तिथला सिग्नल बर्‍याचदा गळतो. सिग्नल नसेल तर त्या छोट्या भागाला थेट बीज (जोडणी मोजायचा आरंभबिंदू) मानू नका. मोठ्या गटाच्या जोडणीनकाशाचा आधार घेऊन त्या भागाची लय अंदाजण्याची पद्धत वापरा.
3. संपूर्ण मेंदूचा सरासरी सिग्नल वजा केला की नाही, हे लिहून ठेवा. उलट्या सहसंबंधाची चित्रं यावर फार बदलतात. दोन रुग्णांना दोन वेगळे नियम लावू नका.
4. एकटा सर्वात गडद ठिपका निवडू नका. शेजारच्या ठिपक्यांचा मोठा, सलग पुंजका निवडा आणि त्याचा मध्य घ्या.
5. तो मध्य खोल घडीत असेल तर जवळच्या घडीच्या माथ्यावर या. कॉइलचं क्षेत्र माथ्यावर सर्वात तीव्र असतं.

तपासणी: स्कॅनच्या दोन भागांवरून लक्ष्यबिंदू वेगवेगळे काढा. दोन बिंदूंत १० मिमीपेक्षा जास्त अंतर आलं, तर तो नकाशा विश्वासार्ह नाही असं मी मानतो आणि गटाच्या बिंदूकडे परततो.

### बिंदू रुग्णाच्या चित्रात आणताना

सर्वात महागडी चूक इथे होते, आणि ती गुपचूप होते. एमएनआय अवकाशातला बिंदू रुग्णाच्या चित्रात आणायला उलट दिशेचं, अरेषीय रूपांतर लागतं. एमएनआयचे आकडे नेव्हिगेशनमध्ये तसेच टाकले, की बिंदू मेंदूतच कुठेतरी पडतो, ठीकठाक दिसतो आणि चुकीचा असतो.

काही सॉफ्टवेअर उजवीकडे आणि पुढे अशा दिशा धन मानतात, काही डावीकडे आणि मागे. त्यामुळे पहिल्या दोन आकड्यांची चिन्हं उलटू शकतात. चित्र दाखवण्याच्या दोन रूढींमुळे डावं-उजवंही उलटं दिसतं. कॅप्सूल यासाठीच होती: नेव्हिगेशनच्या पडद्यावर ती रुग्णाच्या उजव्या बाजूला दिसलीच पाहिजे.

सावधान: कॅप्सूल डावीकडे दिसली तर थांबा. पडद्यावर चित्र उलटवून पुढे जाऊ नका. फाइल कुठे उलटली ते शोधा आणि लक्ष्यबिंदू पुन्हा काढा.

## टप्पा ४: विद्युतक्षेत्राचं मॉडेल

सिमनिब्ससारखं मोफत सॉफ्टवेअर टी-१ आणि टी-२ चित्रांवरून डोक्याचं मॉडेल बनवतं आणि कॉइलची कोणती स्थिती-दिशा लक्ष्यावर सर्वाधिक क्षेत्र देते ते शोधतं. गणना चालवण्याआधी कवटी, द्रव आणि मेंदू यांच्या सीमा एकेका कापावर स्वतः बघा. कवटीत भोक किंवा द्रवाचा थर गायब झालेला दिसला तर आधी ते दुरुस्त करा. तुमच्याच कॉइलचं मॉडेल निवडा. केसांसाठी कॉइल आणि त्वचा यांत काही मिलिमीटरचं अंतर धरा.

मॉडेल नसेल तर डीएलपीएफसीसाठी मूठ मागे ठेवून मध्यरेषेशी ४५ अंश हा कोन घ्या. मॉडेलने याच्यापेक्षा फार वेगळा कोन सुचवला आणि क्षेत्रातली वाढ किरकोळ असेल, तर मी ४५ अंशांवरच राहीन.

## टप्पा ५: रजिस्ट्रेशन

रुग्णाचं डोकं आणि पडद्यावरचं चित्र यांची सांगड इथे बसते. या टप्प्यावर घाई कधीही करू नका.

1. कॅमेरा आधी चालू करून गरम होऊ द्या. परावर्तक गोळे पुसा. तेलकट बोटाचा ठसासुद्धा ट्रॅकरची जागा हलवतो.
2. डोक्याचा ट्रॅकर हाडाला टेकेल अशा जागी बसवा. भुवया उंचावल्यावर तो हलत असेल तर तो त्वचेवर आहे, हाडावर नाही. सैल पट्ट्यापेक्षा चिकट ट्रॅकर बरा.
3. संदर्भबिंदू घ्या: नाकाच्या मुळाचा खळगा, नाकाचं टोक आणि दोन्ही कान. कानाच्या बाबतीत नेमका कुठला बिंदू, हे एकदाच ठरवा. कानाच्या भोकापुढचा कूर्चेचा उंचवटा की पाळीची वरची मुळं? चित्रात जो बिंदू निवडला तोच प्रत्यक्षात स्पर्श करायचा, आणि दोन्ही कामं शक्यतो एकाच व्यक्तीने करायची.
4. पॉइंटरने त्वचा दाबू नका. नुसता टेकवा. नाकाच्या टोकावर दाब दिला तर दोन-तीन मिलिमीटर तिथेच गेले.
5. त्यानंतर डोक्यावरून शंभराहून जास्त बिंदू घ्या. कपाळ, माथा, मागचा भाग आणि दोन्ही बाजू, सगळीकडून. गाल आणि जबडा वगळा, कारण त्यांचा मऊ भाग झोपलेल्या आणि बसलेल्या स्थितीत वेगळा असतो. लक्ष्याच्या आसपास जास्त बिंदू घ्या.

सॉफ्टवेअर शेवटी चुकीचा एक आकडा दाखवतं, आणि बरेच जण तो लहान दिसला की समाधान मानतात. तो आकडा संदर्भबिंदू एकमेकांशी किती जुळले हे सांगतो. लक्ष्यावरची चूक तो सांगत नाही. नाक आणि कान सगळे पुढे-खाली आहेत. त्यांच्यापासून जितकं दूर जाल, तितकी अगदी थोड्याशा फिरकीनेही चूक वाढत जाते. चारही बिंदू उत्तम जुळूनही माथ्यावर पाच-सहा मिलिमीटर चूक असू शकते.

तपासणी: रजिस्ट्रेशननंतर पॉइंटर नाकाचं टोक, माथा, डोक्याचा मागचा भाग आणि लक्ष्याच्या वरची त्वचा अशा चार ठिकाणी टेकवा. प्रत्येक ठिकाणी पडद्यावरचं टोक त्वचेच्या ३ मिमीच्या आत दिसलं पाहिजे. एकही जागा चुकली तर रजिस्ट्रेशन पुन्हा करा. अशीच तपासणी सत्राच्या मध्यावर आणि शेवटी करा.

कॉइलवरच्या ट्रॅकरचंही कॅलिब्रेशन असतं आणि ते सहज विसरलं जातं. कॉइल एकदा कुठे आपटली, ट्रॅकरचा दांडा किंचित वाकला, की त्या दिवसापासून प्रत्येक रुग्णाला एकाच दिशेने सरकलेलं उद्दीपन मिळतं. अशी चूक सरासरीत विरत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा आणि प्रत्येक धक्क्यानंतर कॅलिब्रेशन तपासा.

## टप्पा ६: मोटर थ्रेशोल्ड

तीव्रतेचा सगळा हिशेब या एका आकड्यावर उभा असतो. तो चुकला तर अचूक जागी चुकीची मात्रा पोहोचते.

1. अंगठ्याच्या किंवा तर्जनीच्या मुळाशी असलेल्या लहान स्नायूवर ईएमजीचे (स्नायूतले विद्युत संकेत मोजणारे) इलेक्ट्रोड लावा: एक स्नायूच्या मध्यावर, दुसरा जवळच्या सांध्यावर.
2. हात मांडीवर किंवा उशीवर मोकळा ठेवा. पल्सच्या आधीची रेषा सपाट, २० मायक्रोव्होल्टच्या आत असावी. स्नायू ताठ असताना थ्रेशोल्ड खोटा कमी येतो.
3. माथ्याच्या मध्यबिंदूपासून बाजूला साधारण पाच सेंटीमीटरवर सुरुवात करा. मूठ मागे-बाहेर, मध्यरेषेशी ४५ अंश. अर्धा-एक सेंटीमीटरच्या टप्प्यांनी चारही बाजूंना फिरा.
4. सर्वात मोठा आणि सातत्याने येणारा प्रतिसाद जिथे मिळेल तो हॉटस्पॉट. तिथे कोन थोडा इकडेतिकडे करून पाहा, मग स्थिती नेव्हिगेशनमध्ये साठवा.
5. दोन पल्समध्ये किमान पाच सेकंद ठेवा आणि हे अंतर बदलतं ठेवा.
6. तीव्रता आधी २ टक्क्यांनी, मग १ टक्क्याने उतरवा. ज्या सर्वात कमी तीव्रतेला १० पैकी किमान ५ वेळा ५० मायक्रोव्होल्ट किंवा जास्त प्रतिसाद येतो, तो विश्रांतीतला मोटर थ्रेशोल्ड.

सावधान: बोट हललेलं डोळ्यांनी पाहून थ्रेशोल्ड ठरवण्याची सवय अजून अनेक ठिकाणी आहे. या पद्धतीने थ्रेशोल्ड खर्‍यापेक्षा जास्त येतो. म्हणजे रुग्णाला ठरवल्याहून जास्त मात्रा मिळते, आणि फिटच्या दृष्टीने ते चांगलं नाही. ईएमजी वापरा.

हॉटस्पॉट नीट न शोधता थ्रेशोल्ड मोजला तरीही तो जास्तच येतो. शोधाला दहा मिनिटं द्या. उतरत्या मोजणीला पाच पुरतात.

तपासणी: नेव्हिगेशनमधला हॉटस्पॉट चित्रातल्या हाताच्या मोटर भागावर, मध्य घळीच्या ग्रीक ओमेगासारख्या वळणापाशी पडतो का? तो बराच पुढे किंवा मागे दिसला, तर रजिस्ट्रेशन संशयास्पद आहे. या तपासणीला वेगळी मेहनत लागत नाही आणि ती फारच थोडे लोक करतात.

## टप्पा ७: लक्ष्यावरची तीव्रता

थ्रेशोल्ड मोटर भागावर मोजला, उपचार दुसर्‍या जागी द्यायचा आहे. त्वचेपासून मेंदूपर्यंतचं अंतर दोन्हीकडे सारखं नसतं, आणि वयानुसार कपाळाकडचं अंतर वाढू शकतं. मोटर भागावरच्या मोजमापांवरून दर मिलिमीटरला यंत्राच्या कमाल क्षमतेच्या साधारण ३ टक्के, असा एक रेषीय नियम २००५ पासून वापरात आहे.

उदाहरण: थ्रेशोल्ड ५० टक्के, हॉटस्पॉटवर अंतर १४ मिमी, लक्ष्यावर १६ मिमी. फरक २ मिमी, म्हणून सुधारित थ्रेशोल्ड ५६ टक्के. प्रोटोकॉलचा टक्का या ५६ वर लावायचा. अंतर कमी असेल तर मात्रा उतरते, हेही पाळायचं. वर जाताना मात्र मूळ थ्रेशोल्डच्या १२० टक्क्यांची मर्यादा डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय ओलांडू नका. वरच्या उदाहरणात ती मर्यादा यंत्राच्या ६० टक्क्यांवर येते.

मॉडेल तयार असेल तर अंतराच्या नियमापेक्षा दोन्ही जागांवरच्या गणलेल्या क्षेत्रांचं गुणोत्तर घेणं चांगलं, कारण घडीची दिशाही त्यात मोजली जाते.

सावधान: प्रोटोकॉलची मोडतोड करू नका. थ्री-डी चाचणीत ६०० पल्स आणि १२० टक्के होते. सेंटमध्ये प्रत्येक सत्राला १८०० पल्स, ९० टक्के आणि दोन सत्रांत ५० मिनिटांचं अंतर, अशी दिवसाला दहा सत्रं पाच दिवस. एकाची तीव्रता आणि दुसर्‍याची पल्ससंख्या जोडून तयार झालेली मात्रा कोणीही तपासलेली नाही.

## टप्पा ८: सत्र चालू असताना

1. क्लिपा, पिना, कानातलं काढा. जाड वेणी किंवा अंबाडा लक्ष्याखाली येत असेल तर केस बाजूला वळवा. केसांचा पाच मिलिमीटरचा थर म्हणजे वरच्या नियमाने १५ टक्क्यांचा फरक.
2. रुग्ण आणि तुम्ही, दोघांनीही कानाला संरक्षण घ्या.
3. कॉइलचा मध्य त्वचेला टेकलेला असावा. एक पाकळी टेकलेली आणि मध्य उचललेला, हे नेहमी दिसतं. पडद्यावर स्थान बरोबर दिसूनही कल चुकलेला असू शकतो, म्हणून स्थान, कल आणि फिरकी हे तिन्ही आकडे बघा. मी ३ मिमी आणि ५ अंशांच्या आत राहतो.
4. स्टँडवर भरवसा ठेवून बाजूला जाऊ नका. पहिल्या काही मिनिटांत मान सैलावते आणि डोकं कॉइलपासून हळूहळू दूर जातं.
5. चेहरा किंवा जबडा जोरात आकुंचन पावत असेल तर कोन किंचित बदलता येतो, पण बदललेली स्थिती नवीन नोंद म्हणून साठवा.

मेंदूची त्या क्षणाची अवस्थाही परिणाम बदलते. मोटर भागाच्या म्यू लयीच्या (तिथल्या विद्युत लहरींच्या) तळाच्या क्षणी दिलेली पल्स जास्त प्रतिसाद देते, हे ईईजीशी जोडलेल्या प्रयोगांत दिसलं आहे. नैराश्याच्या रोजच्या उपचारात हे तंत्र अजून आलेलं नाही. तोपर्यंत हातात आहे ते करा: सत्राची वेळ, औषधाची वेळ आणि कॉफी रोज सारखी ठेवा, आणि रुग्णाला डुलकी लागू देऊ नका.

## टप्पा ९: रोजची नोंद

प्रत्येक सत्राला एवढं लिहा: सुरुवातीची आणि शेवटची पॉइंटर तपासणी, कॉइलचं सरासरी आणि कमाल विचलन, दिलेली तीव्रता, झोपेचे तास, औषधातला बदल. थ्रेशोल्ड आठवड्यातून एकदा आणि प्रत्येक औषधबदलानंतर पुन्हा मोजा. एका आठवड्यात तो ५ टक्क्यांहून जास्त हलला तर आधी हॉटस्पॉट आणि रजिस्ट्रेशन तपासा. मेंदू बदलला असं लगेच मानू नका.

## एमआरआय नसेल तर

बीम पद्धतीला तीन मापं लागतात: नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत, एका कानापासून माथ्यावरून दुसर्‍या कानापर्यंत, आणि डोक्याचा घेर. न ताणणारी टेप वापरा. प्रत्येक माप दोनदा घ्या आणि ५ मिमीहून जास्त फरक आल्यास तिसर्‍यांदा. खूण टोपीवर करणार असाल तर टोपीच्या कडेपासून नाकाच्या मुळापर्यंतचं अंतर लिहून ठेवा आणि रोज टोपी त्याच अंतरावर बसवा. नीट केलेली ही पद्धत निष्काळजी नेव्हिगेशनपेक्षा चांगली, हे मी ठामपणे सांगेन.

## टीडीसीएस देणाऱ्यांसाठी

टीडीसीएसमध्ये डोक्यावरच्या इलेक्ट्रोडमधून सौम्य विद्युतप्रवाह सोडतात. इथे यंत्र साधं असल्यामुळे बेफिकिरी जास्त दिसते. नेहमीची मात्रा १ ते २ मिलिअँपिअर आणि २० ते ३० मिनिटं. स्पंज बहुतेक ५ बाय ७ सेंटीमीटरचे. स्पंज ओला हवा, गळका नाही. मिठाचं पाणी ओघळलं की इलेक्ट्रोडचा आकारच वाढतो आणि प्रवाह भलत्या वाटेने जातो. दुसरा इलेक्ट्रोड निष्क्रिय नसतो. तो हलवला की प्रवाहाची वाट बदलते, म्हणून त्याची जागाही मोजून लिहा. कवटीच्या जाडीमुळे एकाच प्रवाहाला दोन माणसांत वेगवेगळं क्षेत्र पोहोचतं, त्यामुळे शक्य असेल तिथे मॉडेल करा.

सावधान: घरी बनवलेलं यंत्र किंवा डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय वापर, दोन्ही नको. त्वचा भाजण्यापासून मनःस्थिती बिघडण्यापर्यंतचे धोके त्यात आहेत.

## सुधारणा दिसत नसेल तेव्हा

दोन आठवडे झाले, नैराश्याच्या मोजणीतले गुण हलत नाहीत, की पहिली इच्छा लक्ष्यबिंदू बदलण्याची होते. तो शेवटी बदला. आधी नोंदीतलं कॉइलचं विचलन बघा. मग कॉइलचं कॅलिब्रेशन, मग नव्याने रजिस्ट्रेशन, मग ईएमजीवर थ्रेशोल्ड. त्यानंतर औषधं: विशेषतः बेन्झोडायझेपिन सुरू झालं आहे का, कारण ते घेणार्‍यांत प्रतिसाद कमी असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे, ते कमी करायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, रुग्णाने स्वतःहून बंद करू नये. हे सगळं ठीक निघालं तर डॉक्टरांसोबत निदानाचा फेरविचार करा. आणि त्यानंतरही लक्ष्यबिंदू बदलायचा ठरला, तर जुना बिंदू, नवा बिंदू, बदलाची तारीख आणि कारण या चारही गोष्टी फाइलमध्ये लिहून मगच कॉइल हलवा.